नळीचा जोड गळतोय? पान्हा उचलण्याआधी खडू घ्या

मागच्या उन्हाळ्यात आईनं करून दिलेली वर्षाची चटणी मी ओट्याखालच्या कप्प्यात ठेवली होती. चिनी मातीची बरणी, तोंडाला फडकं, वरून सुतळी. पावसाळा निम्मा सरला आणि एक दिवस बरणी पुढं ओढली, तर फडक्यावर हिरवी बुरशी आणि कप्प्याचं प्लायवूड पुरीसारखं फुगलेलं. वाकून वर बघितलं. सिंकच्या नळाकडं जाणाऱ्या कनेक्शन पाइपच्या नटाला एक थेंब लोंबकळत होता. तो पडायचा, की लगेच दुसरा तयार.

प्लंबर तीन दिवस रोज फोनवर "उद्या सकाळी येतो की वहिनी" म्हणत होते. चौथ्या दिवशी मीच पान्हा घेतला, नट जीव खाऊन आवळला आणि थेंबाची धार केली. प्लास्टिकचा नट उभा चिरला होता.

संध्याकाळी वडील आले. त्यांचं आयुष्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, गेलं. चिरलेला नट हातात फिरवत ते म्हणाले, "आटं हायत गं ते, म्हशीचं दावं न्हवं. कशाला एवढं आवळलीस?" मग त्यांनी माझ्याकडूनच तो जोड पुन्हा बसवून घेतला. त्यानंतर गल्लीतले बरेच जोड मी बसवले. ज्यांनी कधी पान्हा हातात धरला नाही, त्यांच्यासाठी ते सगळं इथं लिहून ठेवते आहे. एक गोष्ट आत्ताच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे: गळणारा जोड बहुतेक वेळा सैल नसतो. पाणी अडवणारी जी वस्तू आत असते, ती खराब झालेली असते किंवा नीट बसलेली नसते. ती न बघता आवळत राहिलं की माझं झालं तसं होतं.

(आम्ही कोल्हापूरकर नळाच्या तोटीला चावी म्हणतो. पुढं कुठं चावी आली तर कुलपाची समजू नका.)

जोड दोन जातींचे

घरातल्या पाण्याच्या, उघडता येणाऱ्या जोडांत पाणी मुख्यतः दोन पद्धतींनी अडवलेलं असतं. पहिली पद्धत वॉशरची, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत वायसरची. नटाच्या पोटात रबराची चकती असते, समोरच्या फिटिंगचं सपाट तोंड तिच्यावर दाबलं जातं आणि पाणी थांबतं. इथं आट्यांचं, म्हणजे नटाच्या पेचांचं, काम फक्त दाबून धरायचं. पाणी अडवायचं काम त्यांचं नाही. दुसरी पद्धत आट्यांची. भिंतीतल्या एल्बोमध्ये, म्हणजे पाइपाच्या वळणाच्या तुकड्यात, अँगल कॉक (नळीचं पाणी बंद करायचा भिंतीवरचा छोटा कॉक) पिळून बसवतात तो जोड असा असतो. तिथं आट्यांमधल्या फटीतूनच पाणी येणार, म्हणून त्या फटी पांढऱ्या टेफ्लॉन टेपनं भरतात. जुने मिस्त्री तागाचा दोरा आणि सफेदा लावायचे. मंगळवार पेठेतल्या आमच्या मामांच्या जुन्या घरात लोखंडी पाइपांवर तो अजून दिसतो.

ओळखायची खूण सोपी आहे. नट नळीवर स्वतंत्र गरगर फिरतो, नळी जागची हलत नाही, तर तो वायसरचा जोड. फिरवताना अख्खी वस्तूच फिरते, तर तो आट्यांचा.

हे एवढं का उगाळते? कारण सगळ्यात जास्त दिसणारी चूक इथलीच आहे. वायसरचा जोड गळायला लागला की लोक आट्यांवर टेप गुंडाळतात. टेपमुळं नट लवकर घट्ट लागतो, हाताला वाटतं बसला, पण आतली चकती पुरती दाबलेलीच नसते. दोन दिवस बरं चालतं आणि पुन्हा थेंब. कनेक्शन पाइपच्या नटाला टेप लावायची नाही. कुणी कितीही अनुभवी माणूस सांगो.

थेंब लोंबतो तिथं गळत नसतं

पाणी नळीवरून ओघळत खाली येतं आणि सगळ्यात खालच्या नटाला लोंबतं. आपण त्या नटाच्या मागं लागतो आणि गळती वीतभर वर, दुसऱ्याच जोडाला असते. त्यामुळं आधी जुन्या सुती कापडानं सगळं खडखडीत कोरडं करायचं. नटाच्या खाचा, नळीची विणलेली जाळी, मागची भिंतसुद्धा. मग शाळेतला साधा खडू घेऊन प्रत्येक नटाच्या वरच्या आणि खालच्या कडेला फिरवायचा. पांढऱ्या खडूला पाणी लागलं की तो लगेच गडद दिसतो. पाच मिनिटं टॉर्च लावून बघत बसा. जिथं पहिला ओला पट्टा उमटेल, तिथं दुखणं. खडू नसेल तर वर्तमानपत्राच्या बारीक पट्ट्या प्रत्येक जोडाला गुंडाळा, तेही चालतं.

हे बघताना आणखी एक लक्षात घ्या. पाणी सतत गळतंय, की चावी सोडल्यावरच? चावी बंद असतानाही गळत असेल तर दाबाखालची नळी किंवा तिचा जोड. भांडी घासतानाच खाली ओलं होत असेल, तर बहुतेक सांडपाण्याचा जाड, वळ्यांचा पाइप सुटलेला असतो. त्याची गोष्ट वेगळी आणि बरीच सोपी. त्याचं मोठं प्लास्टिकचं नट हातानं काढून, आतली रिंग पुसून परत लावली की बहुतेकदा काम होतं. आणि ऐन पावसाळ्यात, हवेत दमटपणा असताना, रात्रभर टाकीत गार झालेलं पाणी पाइपात आलं की धातूच्या फिटिंगवर घाम धरतो. ती गळती नव्हे. सगळीकडं सारखं ओलं असेल तर घाम, एका जागी थेंब असेल तर गळती.

"एक थेंब तर आहे" म्हणून सोडून देणाऱ्यांसाठी: खाली स्टीलचा पेला ठेवा आणि तासानं बघा. २०० मिलीचा पेला तासात भरला तर दिवसाला ४.८ लिटर, महिन्याला १४४ लिटर झाले. म्हणजे जवळपास दहा घागरी, आणि त्या सगळ्या तुमच्या फर्निचरमध्ये.

पाणी बंद करताना

जोडाच्या अगदी अलीकडं अँगल कॉक असतो, तो घड्याळाच्या दिशेनं फिरवून बंद करायचा. मग त्याच नळीवरची चावी सोडून बघायची. पाणी थांबलं तर उत्तम. पण वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक अडकलेला असतो, किंवा फिरतो पण पाणी पूर्ण थांबवत नाही. अडकलेल्याला पान्हा लावून एकदम हिसका देऊ नका. दांडा तुटला की त्या दिवशी अख्ख्या घराचं पाणी बंद. थोडं मागं, थोडं पुढं, असं हळूहळू सोडवत न्यायचं. नाहीच सुटला तर गच्चीवर जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि घरातली सगळ्यात खालची चावी सोडून पाइप रिकामा करायचा. अपार्टमेंटमध्ये कुठला व्हॉल्व्ह कुणाचा हे कुणालाच माहीत नसतं. आमच्या सोसायटीत मी एकदा चुकून दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं पाणी ऐन आंघोळीच्या वेळी बंद केलं. त्यानंतर आम्ही सगळ्या व्हॉल्व्हना फ्लॅट नंबर लिहिलेल्या पत्र्याच्या चकत्या तारेनं बांधल्या.

ज्यांच्या घरात थेट महापालिकेच्या लाइनवर नळी आहे, त्यांनी पाणी यायच्या वेळेआधी काम उरकावं किंवा मीटरजवळचा कॉक बंद करावा. जोड उघडा असताना पाणी आलं की काय होतं ते सांगायला नको.

वायसर बदलणं, सावकाश

हत्यारं फार लागत नाहीत. एक स्क्रू-पान्हा, म्हणजे जबडा कमी-जास्त होतो तो; जमलं तर दोन. एक पक्कड, जुना टूथब्रश, सेफ्टी पिन, कापड, बादली. बेसिनच्या भोकात आधी बोळा कोंबा. पडलेलं वायसर थेट जाळीतून पार होतं आणि मग तेच शोधत बसावं लागतं. सुरू करण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा.

एका पान्ह्यानं अँगल कॉकचं अंग धरा आणि दुसऱ्यानं नट सोडवा. दोन पान्हे का? एकाच पान्ह्यानं ओढलं तर नटाबरोबर कॉकही फिरतो आणि भिंतीतला चांगला जोड हलतो. गेला होता एक गळका जोड दुरुस्त करायला, आला दोन करून, असं म्हणायची वेळ येते. दिशा चुकते ती बेसिनखाली उताणं पडल्यावर. त्यावर उपाय एकच: मनानं नळीच्या बाजूला उभं राहून जोडाकडं बघायचं, आणि तिथून घड्याळाच्या उलट फिरवायचं.

नट सुटला की बादलीत वाटीभर पाणी पडेल. घाबरू नका, ते नळीतलं उरलेलं आहे. आता नटाच्या आत बघा. काळं किंवा लाल रबर दिसेल. ते पिनेनं उचकून बाहेर काढा आणि नखानं दाबा. नखाची खूण लगेच भरून आली तर रबरात अजून जीव आहे. खूण तशीच राहिली, रबर चपटं, कडक, कडेला तडकलेलं असलं, किंवा त्यावर खोल गोल खाच पडली असली, तर ते टाकायचं. त्यानंतर आत पुन्हा बघा. कधीकधी जुनं वायसर तळाला चिकटून राहतं, आपण त्यावर नवं ठेवतो, दोन रबरं एकमेकांवर सरकतात आणि जोड पहिल्यापेक्षा जास्त गळतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या बेसिनला एकावर एक अशी तीन वायसरं निघाली. तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेळा "दुरुस्त" केलेलं होतं ते.

समोरच्या कॉकचं तोंडही तेवढंच महत्त्वाचं. बोट फिरवून बघा. खरखर लागली, पांढरी पापुद्री असली किंवा जुन्या रबराचा काळा थर असला, तर टूथब्रशनं घासा. बोअरचं पाणी असलेल्या घरांत क्षार जास्त धरतात. तिथं लिंबाची फोड किंवा व्हिनेगर लावून दहा मिनिटं ठेवलं की क्षार मऊ पडतात. सुरीनं खरवडू नका. सुरीचा एक ओरखडा पडला की पाण्याला कायमची वाट मिळते.

नवं वायसर आणताना जुनं खिशात घालून न्या. शाहूपुरीतल्या पाइप-फिटिंगच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले तेव्हा पट्टीनं मापून "२१ मिलिमीटरचं द्या" म्हणाले. दुकानदारांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. गंमत अशी की ज्याला आपण अर्ध्या इंची म्हणतो त्या जोडावर कुठंच अर्धा इंच सापडत नाही. त्याच्या बाहेरच्या आट्यांचा व्यास साधारण २१ मिलिमीटर भरतो, आणि पाऊण इंचीचा २६. हे नाव जुन्या लोखंडी पाइपाच्या आतल्या भोकावरून पडलेलं आहे. वडिलांना विचारलं तर ते लगेच म्हणाले, "दोन्हीला इंचात चौदा आटे." तुम्ही फक्त "अर्ध्या इंची कनेक्शन पाइपचं वायसर" म्हणा आणि जुनं काउंटरवर ठेवा. गिझरच्या गरम बाजूसाठी हवं असेल तर तसं सांगून मागा. साधं मऊ रबर उष्णतेनं लवकर चपटं होतं. घेताना चार जादा घ्या, पानपट्टीवरच्या मसाला पानाएवढेही पैसे पडत नाहीत.

बसवताना नवं वायसर नटाच्या तळाला सपाट टेकलंय ना, हे बोटानं चाचपून बघा. मग नट कॉकवर ठेवून आधी उलटं फिरवा. हो, उलटं. अर्धा-पाऊण फेरा झाला की बोटाला बारीक "टक्" लागेल. आट्याची सुरुवात आट्यात उतरल्याची ती खूण. तिथून सुलटं फिरवलं की नट लोण्यासारखा चढतो. ही युक्ती लेथवाल्यांची. नट तिरका चढला आणि आपण पान्ह्यानं रेटलं की आटे मोडतात, आणि मोडलेले आटे परत येत नाहीत. हातानं दोन-तीन फेरे सहज चढले नाहीत तर काढून पहिल्यापासून बसवा.

हातानं पूर्ण घट्ट झाल्यावर पितळी किंवा स्टीलच्या नटाला पान्ह्यानं पाव फेरा द्या. फार तर अर्धा. नट प्लास्टिकचा असेल तर पान्हा लावूच नका, हाताचा जोर पुरे. नट फिरवताना दुसऱ्या हातानं नळी धरून ठेवा, नाहीतर तीही पिळते. पिळलेली नळी पुढं महिनाभर सरळ व्हायला बघते आणि नटच सोडवते.

आता कॉक हळू उघडा. आधी हवा फुसफुसेल, मग पाणी. सगळं कोरडं करून पुन्हा खडू. पंधरा मिनिटांनी एकदा बघा, रात्री झोपताना एकदा आणि सकाळी उठल्यावर एकदा. नवं रबर एका दिवसात थोडं बसतं. दुसऱ्या दिवशी बारीकसा ओलावा दिसला तर किंचित, घड्याळाच्या काट्याच्या पाच-सात मिनिटांएवढंच, आवळायचं. त्यापुढं जायचं नाही.

किचनच्या मिक्सर नळाच्या पोटात शिरणाऱ्या बारीक नळ्यांच्या टोकाला ओ-रिंग, म्हणजे रबराचं बारीक कडं, असते. तिथंही टेप नको. रिंग शाबूत आहे का बघायचं, पाण्यानं ओली करायची आणि बोटांनी घट्ट करायचं.

भिंतीतला जोड

खडूनं दाखवलं की गळती कॉक आणि भिंत यांच्यामध्ये आहे, तर तो आट्यांचा जोड आणि इथं खरंच टेप लागते. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, नळी काढा, कॉक पिळून बाहेर काढा. जुन्या टेपच्या चिंध्या पिनेनं आणि ब्रशनं पूर्ण साफ करा. कॉकचं आट्यांचं टोक तुमच्या तोंडाकडं धरा आणि टेप घड्याळाच्या दिशेनं गुंडाळा. उलटी गुंडाळली तर बसवताना ती सुटून पुढं गोळा होते. पहिला आटा मोकळा सोडा, म्हणजे टेपचा तुकडा पाण्यात जाणार नाही. ताणून, आटे टेपमधून उठून दिसेपर्यंत, आठ ते दहा वेढे द्या आणि शेवट नखानं दाबा.

बसवताना मात्र सगळं लक्ष इथं द्या. कॉकचं तोंड शेवटी वर किंवा खाली, हवं तिकडं यायला हवं. थोडं पुढं गेलं म्हणून मागं फिरवलं की टेप सैल पडते आणि जोड गळतो. पुढं गेलंच तर काढा, टेप नवी गुंडाळा, परत बसवा. आणि भिंतीत प्लास्टिकचा पाइप असेल, हल्ली बहुतेक ठिकाणी असतोच, तर तिथं जोर करू नका. आतला एल्बो चिरला की टाइल फोडण्यावाचून इलाज नाही. गंजलेला लोखंडी पाइप दिसला, पिवळट पाणी झिरपलं किंवा कॉकबरोबर भिंतीतला पाइपही हलतोय असं वाटलं, तर तिथंच थांबा आणि प्लंबरची वाट बघा. तीन सकाळी गेल्या तरी चालतील.

वॉशिंग मशीनची नळी

मशीनकडचं टोक पाऊण इंची, प्लास्टिकच्या मोठ्या नटाचं असतं. वायसर आतच असतं. हातानं घट्ट, बस्स. त्याच्या आत बारीक जाळी असते. ती कचरा समजून फेकू नका, धुऊन परत घाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत कोल्हापुरात महापूर आला. उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली आणि सगळीकडं पाणी असताना चावीला मात्र थेंब नाही, असे दिवस शहरानं काढले. पाणी परत सुरू झालं तेव्हा आधी हवा, मग गढूळ पाणी. आमचं मशीन भरेचना. जाळी काढली तर तिच्यावर गाळाची चक्क साय बसलेली. २०२३ च्या नोव्हेंबरात काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइननं शहरात आलं, तरी दुरुस्तीसाठी पाणी बंद राहून सुरू झालं की ही जाळी मी बघतेच.

चावीकडचं टोक हा घरातला सगळ्यात दुबळा जोड. साध्या चावीवर चार स्क्रूंचं अडॅप्टर बसवलेलं असेल तर तिथं रबराच्या शंकूवर सगळी भिस्त असते. एक-एक स्क्रू पूर्ण आवळत गेलं तर अडॅप्टर तिरकं बसतं. समोरासमोरचे दोन-दोन, थोडे-थोडे आवळा. तरीही गळत राहिलं तर मशीनसाठी मिळते ती आट्यांची चावी बसवून घ्या, डोक्याचा ताप जातो. मशीन पाणी घेणं एकदम बंद करतं तेव्हा पाइपात "धप्" असा आवाज येतो. तो पाण्याचा धक्का असतो, आणि दिवसातून दहा वेळा तो त्याच जोडावर बसतो. म्हणून धुणं झालं की चावी बंद करायची. मशीन थरथरतं, तेव्हा नळी भिंतीला घासू देऊ नका आणि नटापासून पहिली तीन-चार बोटं ती सरळ राहील असं बघा.

गिझर: इथं एक थेंब चांगला असतो

काम सुरू करण्याआधी गिझरचा एमसीबी, म्हणजे वीजेच्या बोर्डावरचा त्याचा खटका, खाली. नुसतं बटण बंद करून भागत नाही. आतलं पाणी गार होईपर्यंत थांबा. कनेक्शन पाइपची रीत वर सांगितली तीच, दोन्ही टोकांना वायसर.

पण गिझरखाली थेंब दिसला की लगेच जोड खोलू नका. टाकीच्या गिझरला एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो आणि पाणी तापताना त्यातून थेंब पडणं ठीक आहे. पाणी तापलं की फुगतं. १५ लिटरच्या गिझरमधलं पाणी २५ अंशांवरून ६० वर गेलं तर ते साधारण पेलाभर, २०० मिलीच्या आसपास, वाढतं. ते कुठं तरी जायला हवं. एका ओळखीच्या घरात तो थेंब त्रास देतो म्हणून व्हॉल्व्हच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकलेली बघितली आणि माझ्या पोटात गोळा आला. ते तोंड कधीही बुजवू नका. गिझर बंद असताना, गार असतानाही तिथून सतत धार लागली तर मात्र व्हॉल्व्ह बदलायला माणूस बोलवा.

गॅस गिझर असेल तर पाण्याची नळी आणि गॅसची नळी शेजारी-शेजारी असतात. गॅसच्या नळीला हात लावू नका.

अंगणातली हिरवी नळी

गाडी धुवायला, झाडांना, काही घरांत म्हशींना, ही नळी सगळीकडं असते आणि सगळीकडं चावीपाशी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून बांधलेली असते. पट्टी वाईट नाही, चार दिवस भागतं. पण बाइंडिंगची तार पिळून बांधू नका, ती नळीला कापते. तडकलेलं टोक दोन बोटं सरळ कापून टाका. ताजं टोक अर्धा मिनिट कडक पाण्यात बुडवा. मऊ पडतं. तसंच चावीवर इंचभर वर चढवा आणि टोकापासून बोटभर मागं स्क्रूची क्लिप आवळा. गार झालं की नळी स्वतःच चावीला धरून बसते. तळमजल्यावर दाब जास्त, हेही लक्षात असू द्या. टाकीतल्या पाण्यापासून जोड जितका खाली, तितका दाब. दहा मीटरला साधारण एक बार (बार हे दाबाचं माप). चौथ्या मजल्यावर महिनोन्‌महिने टिकलेली पट्टी तळमजल्यावर पहिल्याच दिवशी उडते.

नळीच बदलायची कधी

नट चिरलेला, नळीला कुठं फुगवटा, स्टीलच्या जाळीचे तंतू तुटून टोचायला लागलेले, किंवा नटालगतच्या बांगडीपाशी गंज: यातलं एक जरी दिसलं तरी नळी नवी आणायची. मळून लावायची पुट्टी, टेप, दोरी यांनी दाबाखालची नळी सांधत नाही. नवी आणताना लांबी जुनीच्या फोटोवरून नको, दोऱ्यानं मोजून घ्या. १८, २४, ३६ इंची मिळतात. ताणून बसेल अशी घेण्यापेक्षा थोडी लांब घेतलेली बरी.

स्टीलची जाळी वर्षभरात काळी पडून तुटते म्हणून दोघीतिघींनी मला बोलावलं होतं. तिघींच्याही बेसिनखाली ॲसिडची बाटली होती, अर्धवट झाकणाची. तिची वाफ स्टील खाते. बाटली बाथरूमच्या दुसऱ्या टोकाला, नाहीतर घराबाहेर.

मीटरच्या रस्त्याकडच्या बाजूला गळत असेल तर ते काम आपलं नाही. महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडं तक्रार द्या आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा.

सगळं झाल्यावर वडिलांनी शेवटी एक केलं होतं. मार्करनं नटावरून कॉकवर एक सरळ रेघ ओढली. कारखान्यात बोल्टवर ओढतात तशी. पुढं कधी शंका आली तर नट सरकलाय की नाही हे पान्हा न लावता कळतं: रेघ तुटलेली दिसली तर नट सैल झाला, अखंड असेल आणि तरी ओलं असेल तर वायसर गेलं. माझ्या ओट्याखालची रेघ अजून सरळ आहे. चटणीची बरणी मात्र आता वरच्या फळीवर असते.